दोन फुटी लो-टेक प्लांटेड टँक: काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

निकाल आधीच सांगते म्हणजे घाईवाले सुटतील. दोन फुटी टँक, साधा स्पंज फिल्टर, बऱ्यापैकी एलईडी, टायमर आणि चार जातींची चिवट झाडं, एवढ्यात घरातला पहिला प्लांटेड टँक, म्हणजे खरी झाडं लावलेला माशांचा टँक, व्यवस्थित उभा राहतो. झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारा सीओटू सिलिंडर लागत नाही, तळाला घालायची महागडी तयार माती म्हणजे सॉइल लागत नाही, आणि दुकानदार काउंटरवर ज्या सात-आठ बाटल्या मांडतो त्यातली खरी गरजेची एकच असते. मी हा सेटअप ठाण्याला आईबाबांकडे लावून दिलाय, वर्ष होऊन गेलं, बाबा रिटायर आहेत आणि त्यांना मासे हवे होते पण "रोजची कटकट नको गं बाई" ही अट होती, म्हणून सगळी खरेदी त्या एका अटीवर केली. साधारण सहा-साडेसहा हजारात सगळं बसलं, मासे धरून. स्टँडचा खर्च नाही कारण घरात जुनं सागवानी टेबल होतं, तुमच्याकडे नसेल तर ते पैसे वेगळे धरा.

टँकपासून सुरुवात करते. २४ बाय १२ बाय १२ इंच, ६ मिलिमीटर काच, लोकल दुकानदाराने सिलिकॉन लावून बनवलेला. कागदावर ५६ लिटर येतं, पण खडे, लाकूड आणि वर सोडलेली दोन बोटं जागा धरून पाणी ४५ लिटरच्या आसपासच बसतं. दुकानात शेजारीच पुढून गोल काचेचे, वर झाकणातच फिल्टर आणि लाइट असलेले मोल्डेड टँक असतात, दिसायला झकास, पण त्यातला लाइट बहुतेक निळसर शोभेचा असतो आणि फिल्टरचं पाणी वरून इतक्या जोरात पडतं की कोपऱ्यातलं झाड कायम वाकलेलं राहतं. शिवाय लाइट गेला की त्याच साइजचा परत मिळवायला फिरा. चौकोनी साधा टँक घ्या, झाकण काचेचं वेगळं करून घ्या. आणि एक फुटी क्यूब किंवा बाउलच्या नादी लागू नका, पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं, नवीन माणसाला मोठा टँक सोपा जातो हे ऐकायला उलटं वाटतं पण खरंय. भरल्यावर वजन सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातं, त्यामुळे टीव्ही युनिटच्या प्लायवर ठेवायचा विचार असेल तर आधी त्यावर कुणाला तरी बसवून बघा. खाली जुनी योगा मॅट कापून घातली, थर्मोकोलही चालतो.

आता खाली काय घालायचं. सगळ्यात जास्त पैसे इथे उडवता येतात. जपानच्या एडीए कंपनीची अमेझोनिया सॉइल हे या छंदातलं मोठं नाव, कंपनी ताकाशी अमानो यांनी काढलेली, दगड-लाकडं-झाडं मांडून जंगलासारखे टँक करायची अख्खी फॅशन त्यांच्यामुळे आली. सॉइल भारीच आहे, पण पहिले काही आठवडे ती पाण्यात अमोनिया सोडते, म्हणजे रोज-दिवसाआड पाणी बदला, आणि आमच्या अटीत ते बसत नव्हतं. दुसरा रस्ता डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंचा, खाली इंचभर साधी माती आणि वर इंचभर बारीक खडी. स्वस्त आहे, चालतं पण मस्त, फक्त एकदा लावलं की झाड उपटून दुसरीकडे लावायला गेलात की सगळं पाणी गढूळ, आणि बाबांना दर रविवारी काहीतरी हलवायचं असतंच. म्हणून मी २-३ मिलिमीटरची नैसर्गिक रंगाची खडी घेतली, दोन-अडीच इंचाचा थर, आणि ज्या झाडांना मुळाशी खाणं लागतं त्यांच्या खाली रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या, खोचल्या. संपलं.

खडी घेताना मूठभर घरी आणा आणि त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळून बघा, फेस आला तर चुनखडी आहे, ती पाणी कडक करत राहते. पांढऱ्या संगमरवरी चिप्स आणि कोरल सँड याच कारणाने नको. रंगीत गुलाबी-निळी खडी का नको हे मी सांगायला नको. दगडांसाठी तर एक रुपया देऊ नका, आपण सह्याद्रीत राहतो राव, काळा बेसॉल्ट पायाखाली आहे आणि पाण्यात तो काहीच सोडत नाही. येऊरच्या पायथ्याशी माझ्या बहिणीच्या सोसायटीचं काम चालू होतं तिथून चार तुकडे आणले, ब्रशने घासले, उकळत्या पाण्याने धुतले. दुकानात "ड्रॅगन स्टोन", "सेरयू" वगैरे नावांचे वेगळे दगड किलोवर मिळतात, त्यात सेरयू परत पाण्याची हार्डनेस वाढवतो ते वेगळंच.

लाकूड मात्र विकत घेतलं, हातभर लांब फांद्यांसारखं, सहाशेला. दोन गोष्टी होतात त्याला घाबरू नका. पाणी चहासारखं होतं, ते लाकडातून उतरणारं टॅनिन, पाणी बदलत गेलं की कमी होतं आणि माशांना चालतं. आणि पहिल्या पंधरवड्यात लाकडावर पांढरी लिबलिबीत बुरशी येते, आईने ती बघून "हे काय सडकं आणून ठेवलंस" म्हणून फोन केला होता, ती आपोआप जाते, गोगलगायी तर आवडीने खातात.

झाडं हा खरा विषय आहे आणि इथे मी सगळ्यात जास्त पैसे घालायला सांगेन. आमच्या टँकमध्ये अन्युबियस नाना, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन वेंडटी आणि मागे वॅलिसनेरिया, वर तरंगायला थोडं हॉर्नवर्ट. अन्युबियसला दहा पैकी दहा. पश्चिम आफ्रिकेतलं झाड, जाड गडद पान, वाढतं इतकं हळू की महिन्याला एक-दोन पानं आली तरी खूप, पण मरत नाही म्हणजे नाही. मात्र त्याचा आडवा जाड दांडा असतो ना, रायझोम म्हणतात, तो खडीत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. दगडाला किंवा लाकडाला साध्या सुती दोऱ्याने बांधा, किंवा फेविक्विकचा एक थेंब टाकून अर्धा मिनिट दाबून धरा, पाण्यात गेल्यावर ते घट्ट होतं, बोटं मात्र सांभाळा. जावा फर्नचंही तेच, वर त्याच्या पानामागे काळे ठिपके आणि पानाच्या टोकाला छोटी रोपं फुटतात, लोकांना तो रोग वाटतो, ती पिल्लं आहेत, काढून दुसरीकडे बांधा.

क्रिप्टोकोरीन लावलं की दोन आठवड्यांत सगळी पानं विरघळून जेलीसारखी होणार. होणारच. याला क्रिप्ट मेल्ट म्हणतात आणि नव्वद टक्के नवीन लोक इथे झाड उपटून फेकतात, तर फेकायचं नाही, विरलेली पानं कात्रीने काढायची आणि मुळं तशीच ठेवायची, महिनाभरात खालून नवीन पानं येतात आणि ती मग टिकतात. वेंडटी श्रीलंकेचं, पण याच कुळातलं स्पायरॅलिस नावाचं आपल्या पश्चिम किनारपट्टीवरच्या ओढ्यांत उगवतं, ते कुणाकडे मिळालं तर जरूर लावा. वॅलिसनेरियाला सात, कारण ती चांगलीच आहे पण तिला आवरावं लागतं, खडीखालून धावते आणि दर वितीवर नवीन रोप काढते. हॉर्नवर्ट पहिल्या दोन महिन्यांसाठी, का ते पुढे सांगते.

झाडं मिळतात तीन प्रकारात. जुडी, कुंडीत, आणि टिश्यू कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या झाडांच्या, सीलबंद कपात. कप महाग पण त्यात गोगलगाय नाही, शेवाळ नाही, फक्त मुळाची जेली नळाखाली नीट धुवायची. जुडी स्वस्त पण सोबत गोगलगायींची अंडी फुकट येतात, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग धुऊन लावा. ऑनलाइन मागवलेली झाडं ओल्या कागदात गुंडाळून तीन दिवसांनी आली तरी ठीक असतात, मे महिन्यात मात्र मागवू नका, डब्यात उकडलेली भाजी येते. आणि सावध, बऱ्याच दुकानांत पाण्याखाली ठेवून लकी बांबू, ड्रसीना, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस, मोंडो ग्रास असली चक्क जमिनीवरची झाडं "अक्वेरियम प्लांट" म्हणून विकतात, महिना-दीड महिना हिरवी दिसतात आणि मग बुडातून कुजतात. माझ्यासमोर एका मुलाला हे विकलं जात होतं, मी बोलले तर दुकानदार म्हणतो "ताई, सगळे हेच नेतात." नेत असतील. मुंबईत झाडांसाठी क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याला चक्कर मारलीत तर चॉइस भरपूर मिळतो, घासाघीसही होते, पण जाताना नावं लिहून न्या, नाहीतर समोरचा सांगेल ते झाड तुमचं.

लाइटबद्दल इतकंच बघा की खोक्यावर ६५०० केल्विनच्या आसपास (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) लिहिलंय का, आणि टँकच्या लांबीला पुरतोय का. चिहिरोस वगैरे कंपन्यांचे रंगीत आरजीबीवाले लाइट सुंदर आहेत, रंग उठून दिसतात, पण अन्युबियस-फर्न ही सावलीतली झाडं, त्यांच्यावर तेवढा प्रकाश मारला की पानांवर शेवाळ चढतं. माझा अकराशेचा साधा आहे. पहिला महिना रोज ६ तास, मग ७-८, त्यापुढे नाही. खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर जागाच बदला.

आणि टायमर घ्या, टायमर घ्या, टायमर घ्या. अख्ख्या खरेदीत सगळ्यात उपयोगी वस्तू. पण डायलवाला मेकॅनिकल नको, त्याच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या पिना असतात आणि तो विजेवर फिरतो, म्हणजे वीज गेली की तोही थांबतो. दीड तास लाइट गेली की तुमच्या टँकची दुपार दीड तास पुढे सरकली, पावसाळ्यात असं होत होत एक दिवस रात्री अकराला टँक लख्ख उजेडात आणि दुपारी मिट्ट काळोख. आत बॅटरी असलेला डिजिटल शंभर-दीडशे रुपये जास्त देऊन घ्या. स्मार्ट प्लग पण चालतो, पण आईबाबांकडे वायफायचा पासवर्ड बदलला की फोन मलाच येतो.

फिल्टर स्पंजचा, हवेच्या पंपावर चालणारा. सोबो कंपनीचे पॉवर फिल्टर सगळीकडे मिळतात आणि चालतात चांगले, पण या टँकला त्यांचा झोत जास्त वाटतो. स्पंज फिल्टरमध्ये बिघडण्यासारखं काही नसतंच. दोन तक्रारी आहेत. एक आवाज, बुडबुड ठीक आहे पण पंपाची घरघर रात्री ऐकू येते, खाली जाड फडका घाला आणि भिंतीला टेकवू नका. दुसरी, बाबांच्या मते तो "काळा बोळा" दिसतो, त्याच्यापुढे वॅलिसनेरिया वाढली की दिसत नाही. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर नळीत वीस-तीस रुपयांचा एकमार्गी व्हॉल्व बसवा, कारण वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं आणि पंप, एक्स्टेन्शन बोर्ड, टेबल सगळं ओलं. हा व्हॉल्व दुकानदार स्वतःहून कधी देत नाही, मागून घ्यावा लागतो. स्पंज महिन्यातून एकदा टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही, कारण क्लोरीनने त्यातले बॅक्टेरिया मरतात आणि फिल्टर म्हणजे तेच बॅक्टेरिया.

बाटल्यांकडे येते. मी टँक, खडी, फिल्टर घेतला तसं दुकानातल्या दादांनी निळी बाटली, पिवळी बाटली, अँटी-क्लोरीन, मीठ, "वॉटर क्लिअर" असं सगळं पिशवीत भरायला घेतलं. "ताई, हे निळं दर आठवड्याला चार थेंब, मासे आजारी पडणार नाहीत." म्हटलं दादा, मासेच नाहीयेत अजून. "मग आत्ताच घेऊन जा की, परत कशाला येताय!" ही निळी बाटली बहुतेक वेळा मेथिलीन ब्लू असते, ते बुरशीवरचं औषध आहे, आजार असेल तेव्हा वेगळ्या बादलीत वापरायचं, टँकमध्ये उगाच टाकलं तर फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं, झाडांनाही वाईट, आणि सिलिकॉन निळं होतं ते जन्मभर. मीठ झाडांना नको. "वॉटर क्लिअर"ची गरज पडली तर समजा काहीतरी दुसरंच चुकतंय. लागतं फक्त डीक्लोरिनेटर, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं ते अँटी-क्लोरीन. मी सीचेम कंपनीचं प्राइम वापरते, दोनशे लिटरला ५ मिली हा डोस, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ५ थेंब, छोटी बाटली पण संपता संपत नाही. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडतो, क्लोरामीन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) उडत नाही, आणि पावसाळ्यात नळाच्या पाण्याला कसा वास येतो माहितीये ना, मग थेंब टाकलेले बरे. झाडांचं लिक्विड खत मी आठवड्यातून एकदा लेबलवरच्या अर्ध्या डोसने घालायला सांगितलंय, कधी विसरतात, काही बिघडत नाही.

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) बघून घ्या, फार कडक असेल तर थोडं आरओचं मिसळा. निव्वळ आरओचं पाणी मात्र भरू नका, त्यात क्षारच नसतात.

आता सगळ्यात नावडता भाग, थांबणे. टँक लावल्यावर मासे चार ते सहा आठवडे नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, पहिले दोन विषारी, तिसरं झाडं खातात, आणि हे बॅक्टेरिया जमायलाच तेवढा वेळ लागतो. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होतो. झाडं भरपूर असली, विशेषतः हॉर्नवर्टसारखं भरभर वाढणारं, तर ती अमोनिया सरळ ओढून घेतात आणि काम सोपं होतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलं की मासे. एपीआय कंपनीचं पाणी तपासायचं पूर्ण टेस्ट किट चांगलंय पण एका टँकसाठी महाग पडतं, ओळखीत कुणाकडे असेल तर पाणी बाटलीत भरून न्या, नाहीतर निदान अमोनियाचं सुटं किट घ्या. या काळात काचेवर तपकिरी धूळ चढते, डायटम नावाचं शेवाळ असतं ते, जुन्या टूथब्रशने पुसा, दीडेक महिन्यात जातं.

"रिकाम्या टँकमध्ये काय बघू मी, पाणी?" हे बाबा. मग झाडांवरचे ऑक्सिजनचे बुडबुडे मोजायला लागले.

मासे निवडताना ठाण्याचा मे महिना डोळ्यांपुढे ठेवला, घरात पाणी ३१-३२ पर्यंत जातं, हीटरचा प्रश्नच नाही. गोल्डफिश या साइजला नको, घाण फार आणि झाडं कुरतडतो. "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारतात तो सकर तर अजिबात नको, फूटभराच्या वर वाढतो, मग लोक तो तलावात सोडून येतात आणि भारतातल्या कित्येक नद्या-तलावांत त्याने उच्छाद मांडलाय. आम्ही गप्पी घेतले, फक्त नर, कारण मादी एक जरी आली तरी सहा महिन्यांत बारसंच बारसं. महापालिकेचे हिवताप विभागवाले डासांसाठी टाक्या-विहिरींत सोडतात त्याच जातीचे, फक्त शेपट्या रंगीत, उष्णता सहन करतात. सोबत हनी गोरामीची जोडी, हा आपल्या ईशान्य भारतातला आणि बांगलादेशातला मासा, शांत, झाडांमधून फिरणारा, आणि हवेतून श्वास घेऊ शकतो त्यामुळे वीज गेली तरी तग धरतो. एवढे सगळे मिळून आठच. मेमध्ये झाकण सरकवून वर छोटा टेबल फॅन लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, पाणी मात्र आटतं, ते रोज भरा आणि झाकण उघडं असताना गप्पी उडी मारतात तर वर मच्छरदाणीचा तुकडा टाका.

मेंटेनन्स म्हणाल तर पंधरा दिवसांनी दोन बादल्या पाणी काढायचं आणि दोन घालायचं, काढलेलं पाणी गॅलरीतल्या मोगऱ्याला. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. इथे मात्र भांडण आहे. "अगं, ते बघ कसे काचेला येऊन तोंडं उघडतायत, भूक लागलीये त्यांना." बाबा, ते तुम्ही दिसलात तरी तोंड उघडतात. शेवटी आठवड्याच्या खाण्याच्या सात पुड्या करून ठेवल्या, औषधाच्या डब्यात, वार लिहिलेल्या. गणपतीला सगळे आठवडाभर गावी गेले तेव्हा टायमर चालू, फिल्टर चालू, खाणं कुणालाच सांगितलं नाही, धडधाकट मासे तेवढं उपाशी आरामात राहतात. शेजारच्या काकूंना सांगून जाण्यात जास्त धोका, प्रेमाने अर्धी डबी ओततात. ते पांढरे हॉलिडे फूड ब्लॉकही नकोत, विरघळून पाणी घाण करतात.

नवशिक्यांसाठी या सेटअपला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पंपाच्या आवाजाचा. ज्यांना लाल झाडं आणि खाली हिरवळीचा गालिचा हवाय त्यांच्यासाठी हा नाही, त्यांनी सीओटू आणि दर आठवड्याची कात्री यांची तयारी ठेवावी.

आणि हो, छाटलेली झाडं उपवन किंवा मासुंदा तलावात टाकू नका, जलपर्णीने आधीच तलावांचं काय केलंय ते बघतोय आपण, ओल्या कचऱ्यात टाका. आमची वॅलिसनेरिया परत खूप झालीये, ठाण्यात कुणाला हवी असेल तर कमेंट करा, रविवारी सकाळी बाबा घरी असतात, पिशवी आपापली आणा, आणि किती वेळ लागेल याची गॅरंटी नाही कारण ते आधी टँक दाखवणार.